पत्रकाराचा आमदार होतो तेव्हा

रावेर तालुक्यातील एखाद्या बातमीदाराने केळीच्या पीकविम्याची रक्कम का अडकली आहे असे कृषी अधिकाऱ्याला विचारले, तर त्याने उत्तर दिलेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. अधिकारी ‘मीटिंगमध्ये आहे’ असा निरोप देऊ शकतो, ‘जिल्ह्याला विचारा’ म्हणू शकतो किंवा फोनच उचलत नाही. बातमीदार फार तर माहितीच्या अधिकारात अर्ज करील. पण तो अधिकार त्याला नागरिक म्हणून मिळालेला असतो आणि तोच अर्ज त्याच्या शेजारचा केळी उत्पादकही करू शकतो. आता समजा, हाच बातमीदार निवडणुकीत निवडून आला आणि हाच प्रश्न त्याने विधानसभेत तारांकित प्रश्न म्हणून दिला. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयापासून तालुक्यापर्यंत कागद हलू लागतात, मंत्र्यांना सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते, आणि ज्या अधिकाऱ्याने फोन उचलला नव्हता त्यालाच रात्री बसून गावनिहाय तक्ता भरून वर पाठवावा लागतो.

माणूस तोच आणि प्रश्नही तोच. फक्त उभे राहण्याची जागा बदलली. पत्रकार राजकारणात गेला की आपल्याकडे पारावर आणि चहाच्या टपरीवर बहुधा त्याच्या हेतूविषयी बोलले जाते. त्याच्या हातात नेमके कोणते हत्यार आले आणि त्याच्या हातून कोणते सुटले, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. मी स्वतः जळगाव जिल्ह्यात काही वर्षे तालुका बातमीदारी केली आहे आणि बरोबरीच्या काही जणांना राजकारणाच्या वाटेने जाताना पाहिले आहे. त्यामुळे ही देवघेव शक्य तितक्या सोप्या शब्दांत उलगडून सांगावी असे वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पत्रकाराला संविधानाने काही वेगळे अधिकार दिले आहेत असे अनेकांना वाटते. अनुच्छेद १९ मध्ये ‘वृत्तपत्र’ हा शब्दच नाही. तिथे आहे ते प्रत्येक नागरिकाचे भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य, आणि पत्रकार त्याच स्वातंत्र्यावर लिहितो. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हा मुद्दा निघाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच स्पष्ट केले की संपादकही नागरिक म्हणूनच हा हक्क वापरतो, त्यामुळे वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख करण्याची गरज नाही. हे सांगणारा माणूस स्वतः अनेक पत्रांमागे उभा राहिलेला होता, म्हणून या उत्तराला वजन आहे. आमदाराचे तसे नाही. त्याच्यासाठी अनुच्छेद १९४ मध्ये वेगळे संरक्षण लिहून ठेवले आहे. म्हणजे पत्रकारितेतून विधिमंडळात जाणारा माणूस साध्या नागरिकाच्या हक्कातून विशेषाधिकाराच्या कक्षेत प्रवेश करतो.

ही वाट जुनी आहे

मराठी पत्रकारिता आणि राजकारण यांच्यामध्ये भिंत अशी कधी फारशी नव्हतीच. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’चे लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य झाले. त्या काळच्या कौन्सिलला अधिकार जवळजवळ नव्हते आणि सदस्यत्वामुळे लेखणीला संरक्षणही मिळत नव्हते. १८९७ मध्ये ‘केसरी’तील लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी आचार्य अत्रे यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी ‘मराठा’ हे दैनिक काढले, तेच मुळी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीसाठी. १९५७ च्या निवडणुकीत ते विधानसभेवर निवडून गेले. आपले पत्र एका बाजूचे आहे हे अत्र्यांनी कधी लपवले नाही, आणि मला हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. वाचकाला आधीच माहीत होते की संपादक लढाईत उतरलेला आहे.

इतर राज्यांतही हे दिसते. तमिळनाडूत १९६७ मध्ये मुख्यमंत्री झालेले अण्णादुराई पत्रांचे संपादक होते आणि त्यांच्यानंतर आलेल्या करुणानिधींनी ‘मुरसोली’ हे पत्र तरुणपणीच सुरू केले होते. केरळमध्ये दूरचित्रवाणीच्या पत्रकार वीणा जॉर्ज २०१६ मध्ये आमदार झाल्या आणि २०२१ मध्ये आरोग्यमंत्री.

आपल्या खानदेशात मात्र याच्या उलटचे एक उदाहरण आहे आणि ते विसरता येण्यासारखे नाही. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक चालवले. प्रांतात त्यांच्याच पक्षाचे मंत्रिमंडळ होते, तरीही पूर्व खानदेशातील शेतकऱ्यांच्या सारामाफीचा प्रश्न त्यांनी लावून धरला. गुरुजी कधी आमदार झाले नाहीत. राजकारण आणि पत्रकारिता दोन्ही करूनही सभागृहाच्या बाहेर राहण्याचा मार्ग असतो, हे या मातीने पाहिलेले आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत शिकवणारा वाटतो तो आंबेडकरांचा मुंबई कौन्सिलमधला काळ. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. १९२६ च्या अखेरीस त्यांची मुंबई कायदे कौन्सिलवर नियुक्ती झाली आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केले. उत्पन्न ठराविक मर्यादेच्या वर गेल्याशिवाय प्राप्तिकर लागत नाही, मग शेत पिको वा न पिको, लहानातल्या लहान शेतकऱ्याकडून शेतसारा मात्र वसूल का केला जातो, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच महिन्यात, २० मार्च १९२७ रोजी, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. सभागृह, रस्ता आणि वृत्तपत्र या तिन्ही ठिकाणी एकच माणूस दोन महिन्यांत उभा राहिला.

महाडचा प्रश्न आधी कुठून आला होता, हे पाहिले की यातील खरी गोष्ट कळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा ठराव सी. के. बोले यांनी याच कौन्सिलमध्ये १९२३ मध्ये मंजूर करून घेतला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. तरीही तळ्याच्या पाण्याला कोणी हात लावू शकत नव्हते. ठराव कागदावर असणे आणि ओंजळीत पाणी येणे यांच्यामध्ये चार वर्षे गेली. पुढे खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. सभागृहातल्या शब्दाचा पाठपुरावा बाहेर कोणी केला नाही, तर तो शब्द तिथेच राहतो. आणि पाठपुरावा हे तर बातमीदाराचे रोजचे काम आहे. धुळ्याच्या वाचकांना हे १९३७ साल आणखी एका कारणाने आठवेल. त्या वर्षी ३१ जुलैला एका खटल्याच्या निमित्ताने आलेले बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते, आणि त्या दिवशी तिथे अजूनही लोक जमतात.

आत जाण्याचे दरवाजे

खानदेशच्या तीन जिल्ह्यांत मिळून विधानसभेचे वीस मतदारसंघ आहेत : जळगावात अकरा, धुळ्यात पाच, नंदुरबारमध्ये चार. नंदुरबारचे चारही, शिवाय साक्री, शिरपूर आणि चोपडा, असे सात मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत आणि भुसावळ अनुसूचित जातींसाठी. म्हणजे सर्वसाधारण जागा उरतात बारा. वय पंचवीस पूर्ण हवे, अनामत रक्कम दहा हजार आणि राखीव प्रवर्गातील उमेदवाराला पाच हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मते मिळाली नाहीत, तर ती जप्त होते. कागदावर एवढेच दिसते. पण महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा चाळीस लाख रुपये आहे, आणि ओळींच्या हिशेबाने मानधन घेतलेल्या तालुका वार्ताहराने ही रक्कम कधी एकत्र पाहिलेली नसते. म्हणून स्वबळावर विधानसभेत जाणारा पत्रकार दुर्मीळ असतो. त्याला पक्षाचे तिकीट लागते, आणि पक्षाचे तिकीट म्हणजे पक्षाची शिस्त; तिच्याविषयी पुढे.

दुसरा दरवाजा विधान परिषदेचा. तिच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभेचे सदस्य निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, पदवीधर व शिक्षक प्रत्येकी सात, आणि बारा जणांना राज्यपाल नियुक्त करतात. नाशिक पदवीधर मतदारसंघात खानदेशचे तिन्ही जिल्हे येतात, त्यामुळे सुशिक्षित पत्रकाराची नजर तिकडे जाणे स्वाभाविक आहे. तिथे पदवी मिळून तीन वर्षे झालेला पदवीधरच मतदार होऊ शकतो, आणि मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. आधीच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही. निवडणुकीच्या दिवशी केंद्रावरून परतणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत.

राज्यपालनियुक्त बारा जागा पत्रकारांसाठी असतात, असे पुष्कळदा ऐकू येते. अनुच्छेद १७१ मध्ये साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा अशी पाच क्षेत्रे दिली आहेत. पत्रकारिता त्यांत नाही. पत्रकाराला साहित्यिक किंवा समाजसेवक म्हणूनच तिथे बसवावे लागते. शिवाय राज्यपाल मंत्रिमंडळाच्या शिफारशीने नेमणूक करतात, तेव्हा तीही राजकीयच होते. २०२० मध्ये सरकारने पाठवलेली यादी मंजूर न झाल्याने महाराष्ट्रातील या बारा जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांपैकी सात भरल्या गेल्या.

उमेदवारी अर्जासोबत द्यावे लागणारे शपथपत्र हा पत्रकाराच्या आयुष्यातला मोठा उलटफेर असतो. ज्याने आयुष्यभर इतरांच्या मालमत्तेचे आकडे छापले, त्याला आता स्वतःची आणि पत्नीची मालमत्ता, कर्ज, उत्पन्नाचे स्रोत आणि प्रलंबित गुन्हे लिहून द्यावे लागतात. जुन्या बातम्यांवरून दाखल झालेले बदनामीचे खटले इथे पहिल्यांदा सर्वांसमोर येतात.

काय मिळते आणि त्याला कुठे कुंपण आहे

सभागृहात बोललेल्या कोणत्याही शब्दासाठी किंवा दिलेल्या मतासाठी आमदारावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. बदनामीच्या नोटिशीची भीती बाळगून प्रत्येक वाक्यात ‘कथित’ आणि ‘अशी चर्चा आहे’ लिहिणाऱ्या बातमीदाराला हे स्वातंत्र्य केवढे मोठे वाटत असेल, याची कल्पना करता येते. पण याला कुंपण आहे. न्यायाधीशांच्या कर्तव्यासंबंधीच्या वर्तनावर सभागृहात चर्चा करता येत नाही. अध्यक्ष एखादा शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. मत किंवा भाषण लाच घेऊन दिले असेल, तर संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी स्पष्ट केले आणि १९९८ चा आपलाच जुना निकाल बाजूला ठेवला.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे संरक्षण सभागृहाच्या आत आहे. तेच वाक्य विधानभवनाच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यासमोर उच्चारले, की तो पुन्हा साधा नागरिक होतो. स्वतःचे वृत्तपत्र असलेल्या आमदाराची इथे हमखास फसगत होते. पश्चिम बंगालमधील एका आमदाराने विधानसभेत एका सरकारी अधिकाऱ्याविषयी प्रश्न दिले होते. ते नाकारले गेले. त्याने ते ‘जनमत’ नावाच्या स्थानिक पत्रात छापून आणले. अधिकाऱ्याने बदनामीची फिर्याद केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितले की नाकारलेले प्रश्न बाहेर छापणे म्हणजे सभागृहाचे कामकाज नव्हे, त्याला विशेषाधिकार लागू होत नाही. पत्रकार-आमदाराने हा एक निकाल पाठ करून ठेवावा असा आहे.

वृत्तपत्राची बाजूही इथेच समजून घेऊ. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ने १९५७ मध्ये बिहार विधानसभेतील एका भाषणाचा कामकाजातून काढून टाकलेला भाग छापला आणि त्याचे संपादक हक्कभंगाच्या कारवाईत सापडले. १९५८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाचा विशेषाधिकार वरचा मानला. सभागृहाच्या कामकाजाचे खरे वृत्त छापण्याला कायद्याचे संरक्षण मिळावे यासाठी संसदेत झटले ते फिरोज गांधी, जे स्वतः ‘नॅशनल हेरल्ड’चा कारभार पाहिलेले खासदार होते. १९५६ मध्ये त्यांच्या खासगी विधेयकातून संसदेच्या कामकाजापुरता तसा कायदा झाला, आणीबाणीत तो रद्द केला गेला, १९७७ मध्ये परत आणला गेला आणि पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-क म्हणून त्याला संविधानात जागा मिळाली आणि राज्यांच्या विधिमंडळांचे वृत्तही त्याखाली आले. आज तालुक्याच्या पत्रात आमदाराचे सभागृहातील भाषण निर्भयपणे छापता येते, त्यामागे वृत्तपत्रातून संसदेत गेलेल्या एका माणसाचा हा खटाटोप आहे. वृत्तपत्राची अडचण माहीत असलेला माणूस आत गेल्याचा इतका सरळ उपयोग मला दुसरा सांगता येणार नाही.

आता प्रश्न विचारण्याच्या साधनांविषयी. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. प्रश्नोत्तराचा तास खरोखरच तासाचा असतो, त्यामुळे यादीतील मोजकेच प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. तातडीच्या विषयासाठी विधानसभेत नियम १०५ ची लक्षवेधी सूचना असते, विस्तृत चर्चेसाठी नियम २९३ चा प्रस्ताव, आणि अर्थसंकल्पाच्या वेळी खात्याच्या मागणीवर कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करण्याची सूचना. नवखा पत्रकार-आमदार इथे बहुधा एकच चूक करतो : तो बातमीच्या मथळ्यासारखा प्रश्न लिहितो. ‘कापूस उत्पादकांची लूट कधी थांबणार?’ हा मथळा झाला. ‘अमुक हंगामात शिरपूर तालुक्यातील खरेदी केंद्र कोणत्या तारखेला सुरू झाले, किती क्विंटल खरेदी झाली, किती शेतकऱ्यांचे चुकारे बाकी आहेत आणि का?’ हा प्रश्न झाला. पहिल्यावर मंत्री भाषण करतात, दुसऱ्यावर त्यांना आकडे द्यावे लागतात.

आमच्या व्यवसायातून आलेल्या माणसाला समित्यांमध्ये खरे काम असते, असे माझे मत आहे. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांचे अहवाल तपासते. आश्वासन समिती मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दांची नोंद ठेवून ते पाळले गेले का, हे विचारते. ‘तपासून निर्णय घेऊ’, ‘या अधिवेशनानंतर बैठक लावू’ ही वाक्ये कुठे जातात, ते या समितीत बसणाऱ्याला कळते. अमळनेरजवळच्या पाडळसे धरणाविषयी किंवा गिरणेवरील बलून बंधाऱ्यांविषयी निवडणुकीमागून निवडणूक किती शब्द दिले गेले, हे आपल्या भागातल्या कोणत्याही जुन्या बातमीदाराला आठवते. जुन्या कात्रणांची फाइल घेऊन अशा समितीत बसलेला माणूस अधिकाऱ्यांना जड जातो.

काय जाते

सर्वांत आधी जाते ते एकट्याने मत देण्याचे स्वातंत्र्य. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेली दहावी अनुसूची सांगते की पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मतदानाविषयीच्या आदेशाविरुद्ध, मतदान केले किंवा गैरहजर राहिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. पूर्वी एक तृतीयांश सदस्यांना वेगळा गट करण्याची सवलत होती; २००३ च्या दुरुस्तीने ती काढली, आणि आता दोन तृतीयांश सदस्यांसह विलीनीकरण एवढाच मार्ग उरला आहे. अपक्ष म्हणून निवडून आलेला नंतर पक्षात गेला तरी अपात्र ठरतो. नियुक्त सदस्याला मात्र पहिले सहा महिने पक्ष निवडण्याची मोकळीक असते. व्हिप मतदानापुरता असतो, बोलण्यावर तो थेट लागू होत नाही. पण वागणुकीवरूनही ‘स्वेच्छेने पक्ष सोडला’ असा अर्थ काढता येतो, हे न्यायालयाने १९९४ मध्येच मान्य केले आहे. म्हणून काल ज्या विधेयकाविरुद्ध अग्रलेख लिहिला, त्याच विधेयकाला आज हात वर करावा लागण्याची वेळ पत्रकार-आमदारावर येते. त्या वेळी त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे. सभागृहात मत देण्याआधी पक्षाच्या बैठकीत तो काय बोलला, हे आपल्याला कळत नाही, आणि त्याचे खरे मोजमाप तिथेच असते.

दुसरा धोका बदनामीच्या शिक्षेचा. या गुन्ह्याला कमाल शिक्षा दोन वर्षांची आहे. पत्रकाराला ती झाली तर तो तुरुंगात जाईल किंवा अपील करील, पण त्याचा व्यवसाय कायद्याने बंद होत नाही. लोकप्रतिनिधीला दोन वर्षांची शिक्षा झाली, की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार त्याचे पद जाते आणि सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूकही लढवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापासून ही अपात्रता तत्काळ लागते. मार्च २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या सुरतेतील न्यायालयाच्या निकालानंतर राहुल गांधींची खासदारकी दुसऱ्याच दिवशी गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये दोषी ठरवणाऱ्या निर्णयाला स्थगिती दिल्यावर ती परत मिळाली, हे सर्वांनी पाहिले. ज्याच्यावर जुन्या लिखाणाचे दोन-चार खटले पडून आहेत, त्या पत्रकार-आमदाराच्या डोक्यावर ही टांगती तलवार असते.

तिसरे जाते ते वेळेवरचे नियंत्रण. खानदेशातल्या आमदाराचा दिवस सकाळी दारात उभ्या असलेल्या माणसांपासून सुरू होतो. कोणाची डीपी (विजेचे रोहित्र) जळाली आहे आणि गव्हाला पाणी द्यायचे आहे, कोणाला जळगावच्या दवाखान्यात खाट हवी आहे, कोणाची बदली धडगावला झाली आहे. मग हळदी, दहावे, उद्घाटने. आमदार निधीचे वर्षाला पाच कोटी रुपये सभामंडप, रस्ते आणि व्यायामशाळा यांत वाटताना गावागावांची समजूत काढावी लागते. कायदे करणे हे ज्याचे काम, त्याला विधेयक वाचायला रात्र उरते. पत्रकाराला हे बाहेरून माहीत असते. आत गेल्यावर त्याचे ओझे किती आहे ते कळते. मी अशा एका मित्राला विचारले होते की लिहिणे का सोडले. तो म्हणाला, लिहायला एकटेपण लागते आणि आता घरात एकटा मी पहाटे चारलाच असतो.

वृत्तपत्राचे काय करायचे?

हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. कायदा आमदाराला संपादकपद किंवा वृत्तपत्राची मालकी सोडायला सांगत नाही. उद्धव ठाकरे यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री होताना ‘सामना’चे संपादकपद सोडले, पण अनेक लोकप्रतिनिधी पदावर असताना पत्रांशी जोडलेले राहिले आहेत. जिथे कायदा गप्प असतो, तिथे स्वतःच रेघ ओढावी लागते.

तालुक्याच्या पातळीवर ही गुंतागुंत अधिक बारीक असते, कारण तिथे बातमी आणि जाहिरात बहुधा एकाच माणसाच्या हातात असते. मी ज्या पत्रात काम करत होतो, तिथे वाढदिवसाच्या पुरवण्यांचे उद्दिष्ट बातमीदारालाच दिले जात असे. सकाळी ज्या पुढाऱ्याच्या कारभारावर बातमी लिहायची, त्याच्याचकडे दुपारी अर्ध्या पानाच्या शुभेच्छांसाठी जायचे. मी दोन वर्षे ते केले, आणि त्या दोन वर्षांत ज्या बातम्या मी लिहिल्या नाहीत, त्या मला अजून आठवतात. असे असताना तोच माणूस आमदार झाला आणि पत्र त्याच्या भावाच्या नावावर राहिले, तर ठेकेदाराची जाहिरात म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगावे?

निवडणुकीच्या काळात याला ‘पेड न्यूज’ म्हणतात, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेला प्रचार. प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते आणि असा मजकूर आढळला, तर त्याची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये याच कारणाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. अशा मजकुराचा खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता. माझ्या मते, निवडणूक लढवणाऱ्या संपादकाने उमेदवारी जाहीर होताच पहिल्या पानावर तसे छापावे, संपादनातून बाजूला व्हावे आणि विरोधी उमेदवाराचे म्हणणेही जागा देऊन छापावे. हे करणारे थोडे असतात, पण वाचक त्यांना विसरत नाहीत.

आपल्या भागातून असा कोणी निवडून गेला असेल, तर त्याच्या कामाकडे पाहण्याची एक साधी रीत आहे. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या आणि कामकाज पाहायला मिळते. त्यात त्याचे नाव शोधावे, प्रश्नात तारखा आणि आकडे मागितले आहेत का हे पाहावे, उत्तरात मंत्र्यांनी काय कबूल केले ते लिहून घ्यावे, आणि सहा महिन्यांनी त्या गावात जाऊन यावे. हे काम सध्याच्या तालुका बातमीदाराने करायचे आहे. तो खुर्चीवर गेलेल्या आपल्या जुन्या सहकाऱ्याला संकोचाने प्रश्न विचारत नसेल, तर त्याने तो संकोच बाजूला ठेवावा. आमदार झालेल्या त्या माझ्या मित्राच्या पहिल्या पत्रकार परिषदेत सर्वांत अडचणीचा प्रश्न त्याच्याच जागेवर आलेल्या नव्या मुलाने विचारला होता. पीकविम्याच्या यादीतून सुटलेल्या गावांची नावे तो वहीत लिहून घेऊन आला होता, आणि मित्राने उत्तर देण्याआधी ती वही मागून घेतली.